क्षमा : ऋण सोडण्याची साधना

पर्युषण पर्वाची सांगता संवत्सरीच्या प्रतिक्रमणाने होते आणि दुसऱ्या दिवसापासून घराघरांत ‘मिच्छामि दुक्कडम्’चा उच्चार सुरू होतो. घोडनदीकाठचे शिरूर आणि भीमाकाठचे दौंड या दोन्ही बाजारपेठांत जैन व्यापारी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. या दिवशी पेढीवर येणारा-जाणारा, आडतीचा शेतकरी, शेजारचा दुकानदार अशा सर्वांसमोर हात जोडले जातात. याच दोन तालुक्यांत क्षमेचा विचार वेगळ्या वाटेने रुजवणारा आणखी एक समाज दीड शतकाहून अधिक काळ राहत आहे. अमेरिकन मराठी मिशनने १८४१ साली शिरूर येथे आपले केंद्र सुरू केले. दौंड येथे लोहमार्गाच्या जंक्शनमुळे ख्रिस्ती कुटुंबे स्थिरावली. आणि दौंड तालुक्यातील केडगावी पंडिता रमाबाईंनी मुक्ती मिशन उभे केले.

शिरूरहून न्हावरे-चौफुल्याच्या रस्त्याने निघाले की केडगाव लागते. गुळाच्या, उसाच्या आणि धान्याच्या व्यवहारानिमित्त या रस्त्याने ये-जा करणाऱ्यांनी मिशनचे आवार बाहेरून अनेकदा पाहिलेले असते. आत घडलेली कथा मात्र शाळेच्या पाठ्यपुस्तकातील एका धड्यापलीकडे फारशी कोणाला ठाऊक नसते. ती कथा मुख्यतः क्षमेची आहे. ज्या समाजात क्षमापना हा वर्षातील सर्वांत मोठा दिवस आहे, त्या समाजाने ती जाणून घेणे उचित ठरेल.

वहीतला शब्द

ख्रिस्ती माणसाच्या मुखी सर्वाधिक वेळा येणारी प्रार्थना म्हणजे येशूने आपल्या शिष्यांना शिकवलेली ‘प्रभूची प्रार्थना’. मराठी मंडळ्यांत ती लहान मुलालाही पाठ असते. तिच्यात क्षमेविषयी जी मागणी आहे, तिच्यासाठी मराठी भाषांतरात ‘पाप’ किंवा ‘अपराध’ हा शब्द योजलेला नाही. तेथे व्यापाऱ्याच्या वहीतला ‘ऋण’ हा शब्द आहे. भक्त देवाजवळ स्वतःचे ऋण सोडण्याची याचना करतो आणि त्याच वाक्यात, आपण आपल्या ऋणकऱ्यांना मोकळे केले आहे, अशी ग्वाही देतो. ही ग्वाही खोटी असेल तर मागणीही फोल ठरते. म्हणून ही प्रार्थना म्हणणे सोपे, पण तिला जागणे कठीण, असे ख्रिस्ती उपदेशक नेहमी सांगतात.

हाच विचार येशूने एका दृष्टान्तातून उलगडला आहे. कितीदा क्षमा करावी, सात वेळा पुरे का, असे पेत्र या शिष्याने विचारले. त्यावर मिळालेली संख्या सातच्या कित्येक पट होती, म्हणजे मोजदादच सोडून द्यावी असा तिचा आशय. पुढे गोष्ट येते ती एका राजाची आणि त्याच्या सेवकाची. सेवकाकडे राजाचे दहा हजार तालंत येणे होते. एक तालंत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार, आणि एक दिनार म्हणजे त्या काळच्या मजुराची एका दिवसाची मजुरी. हिशेब केला तर ही रक्कम सहा कोटी दिवसांच्या मजुरीइतकी होते. वर्षाला तीनशे दिवस काम धरले तरी दोन लाख वर्षे लागतील. राजाने हे सारे देणे एका शब्दात माफ केले. बाहेर पडताच त्या सेवकाला त्याचा एक सोबती भेटला. त्याच्याकडे याचे शंभर दिनार निघत होते, म्हणजे शंभर दिवसांची मजुरी. सेवकाने त्याचा गळा धरला आणि त्याला कैदेत टाकले. राजाला हे कळले तेव्हा त्याने माफीच मागे घेतली.

व्यापारी मनाला या दृष्टान्तातील एक बारकावा चटकन जाणवेल. शंभर दिनार ही क्षुल्लक रक्कम नव्हे. तीन-साडेतीन महिन्यांची कमाई बुडाली तर कोणालाही झळ बसेल. सोबत्याने केलेला अपराध खराच आहे, तो नाकारा असे दृष्टान्त म्हणत नाही. सेवकाची चूक एवढीच की, येणे वसूल करताना स्वतःच्या नावावरचे माफ झालेले देणे तो विसरला. ख्रिस्ती श्रद्धेत क्षमेचा पाया या आठवणीत आहे. देवाने आधी क्षमा केली, म्हणून माणसाने करावयाची. ती माणसाच्या मोठेपणातून निघत नाही, कृतज्ञतेतून निघते.

केडगावचे कृपासदन

पंडिता रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकवले. दुष्काळाच्या काळात तीर्थयात्रा करीत फिरताना १८७४ साली आई-वडील निवर्तले, १८८० मध्ये भाऊ श्रीनिवास गेला आणि विवाहानंतर दोनच वर्षांत, १८८२ साली, पती बिपिनबिहारी दास मेधावी यांचेही निधन झाले. मांडीवर मनोरमा नावाची लहान मुलगी होती. त्या वर्षी त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाजाची स्थापना केली आणि १८८३ साली इंग्लंडला गेल्या.

तेथील वास्तव्यात त्यांना एक दृश्य पाहावयास मिळाले, आणि त्याने त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली. लंडनमधील फुलहॅम येथे ख्रिस्ती भगिनींनी चालवलेले एक आश्रयस्थान होते. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकून दिलेल्या स्त्रिया तेथे राहत. त्यांच्याशी भगिनी प्रेमाने वागत, त्यांना काम शिकवत आणि त्यांतील काही स्त्रिया पुढे स्वतःच इतर दुःखितांची सेवा करू लागलेल्या होत्या. आपल्या शास्त्राध्ययनात अशा स्त्रियांसाठी कठोर शिक्षाच वाचलेल्या रमाबाईंना याचे नवल वाटले. ही माया कोठून येते, असे त्यांनी विचारले. उत्तरादाखल एका भगिनीने त्यांना विहिरीकाठी येशूला भेटलेल्या शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवली. पाच पती झालेली, गावाने दूर ठेवलेली ती स्त्री. येशूने तिच्याकडे पाणी मागितले आणि तिच्याशी धर्माविषयी सन्मानाने बोलला. रमाबाईंनी पुढे आपल्या आत्मकथनात या प्रसंगाचा ऋणनिर्देश केला आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला.

महाराष्ट्रात या धर्मांतराने वादळ उठले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत स्थापन झालेले आणि पुढच्या वर्षी पुण्यास आलेले शारदासदन काही काळ सुधारकांच्या पाठिंब्याने चालले. परंतु सदनातील मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो, या आक्षेपावरून १८९३ साली न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारख्यांनी सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले आणि अनेक पालकांनी मुली परत नेल्या. त्या वादात दोन्ही बाजूंकडे आपापली कारणे होती आणि इतिहासकार आजही त्यांची चर्चा करतात. रमाबाईंनी आपले काम सोडले नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतातून अनाथ मुली व विधवा घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे दिवस होते. गर्दी शहरात ठेवता येईना, तेव्हा केडगाव येथे घेतलेल्या शेतजमिनीवर त्यांनी बिऱ्हाड हलवले. १८९९-१९०० च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथील संख्या दीड हजारांच्या वर गेली होती.

याच आवारात रमाबाईंनी ‘कृपासदन’ उघडले. ज्या स्त्रियांना सासर, माहेर आणि गाव या तिन्हींनी दार बंद केले होते, त्यांच्यासाठी हे घर होते. फुलहॅममध्ये पाहिलेले बीज दौंड तालुक्याच्या मातीत रुजले ते असे. येथे क्षमा म्हणजे नुसते ‘जा, माफ केले’ म्हणणे नव्हते. क्षमा मिळालेल्या स्त्रीला दुसऱ्या दिवशी सकाळी राहायला जागा, पोटाला अन्न आणि हाताला काम लागते. मुक्तीत शेती होती, गुरे होती, विणकाम, शिवण, तेलघाणा आणि छापखाना होता. अक्षरओळख सर्वांना होती. अंध मुलींसाठी ब्रेल लिपीतील शिक्षणाची सोय होती. ज्या स्त्रीची ओळख तिच्या भूतकाळावरून केली जाई, तिची ओळख येथे तिच्या कामावरून होऊ लागली. टाकून दिलेल्या माणसाला पुन्हा पत मिळवून देणे, ही क्षमेची पूर्ण झालेली कृती कृपासदनाने दाखवली.

पुढे १९०५ साली केडगावी जी आध्यात्मिक जागृती झाली, तिची नोंद ख्रिस्ती इतिहासात जगभर घेतली जाते. त्या काळात शेकडो मुली प्रार्थनेसाठी एकत्र जमत. आपापल्या चुका त्यांनी उघडपणे कबूल केल्या. प्रतिक्रमणात आलोचना करणाऱ्या श्रावक-श्राविकांना या प्रसंगातील भाव परका वाटणार नाही. रमाबाईंनी आयुष्याची अखेरची वर्षे मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करण्यात घालवली. १९२१ साली मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या आणि त्यांचे भाषांतर १९२४ साली प्रसिद्ध झाले. ज्या संस्थेचे भवितव्य १८९३ साली संशयात होते, ती आजही केडगावी निराधार स्त्रिया व मुलांना आसरा देत आहे.

एका घरातील समेट

क्षमेची सर्वांत अवघड परीक्षा घराच्या चार भिंतींत होते. शिरूरपासून घोडनदी ओलांडली की नगर जिल्हा सुरू होतो आणि तेथे आठवण येते ती रेव्हरंड नारायण वामन टिळक व लक्ष्मीबाई यांची. टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नीला त्याची पूर्वकल्पना नव्हती. लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळले. काही वर्षे पती-पत्नी विभक्त राहिली. लक्ष्मीबाई नातेवाइकांकडे, पंढरपुरासारख्या क्षेत्री, सोवळ्या-ओवळ्यात दिवस काढत होत्या. अखेर त्या पतीकडे नगरला परतल्या. आरंभी त्यांनी आपला स्वयंपाक आणि आपले पाणी वेगळे ठेवले. धर्मविचार बदलला तो हळूहळू, स्वतःच्या विचाराने. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

‘स्मृतिचित्रे’ हे त्यांचे आत्मचरित्र मराठीतील श्रेष्ठ ग्रंथांत गणले जाते. त्या ग्रंथाचे वैशिष्ट्य असे की, ज्या माणसाने इतके मोठे दुःख दिले, त्याच्याविषयी लेखिकेच्या मनात कडवटपणा उरलेला दिसत नाही. पतीचा तापट स्वभाव, त्याचा विसरभोळेपणा, त्याची उधळपट्टी यांतले काहीही त्यांनी लपवलेले नाही; उलट विनोदाने सांगितले आहे. दुखावल्याची नोंद खरी ठेवूनही वैर सोडता येते, याचे हे मराठी घरातले उदाहरण आहे. विसरणे म्हणजे क्षमा, असा एक गैरसमज असतो. लक्ष्मीबाई काहीच विसरल्या नव्हत्या.

क्षमा आणि न्याय

अपराध भयंकर असेल तर काय, हा प्रश्न उरतोच. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी मध्य प्रदेशात देवास जिल्ह्यातील उदयनगर भागात गरीब शेतमजुरांसाठी काम करणाऱ्या सिस्टर राणी मारिया यांची धावत्या बसप्रवासात हत्या झाली. २००२ साली त्यांची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल तुरुंगात गेली आणि तिने मारेकऱ्याच्या हाताला राखी बांधली. कुटुंबाने त्याच्या सुटकेसाठी पाठिंबा दिला आणि २००६ साली तो मुक्त झाला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे, मराठी कुटुंबांच्या त्या जुन्या शहरात, सिस्टर राणी मारिया यांना कॅथलिक चर्चने ‘धन्य’ घोषित केले.

ओडिशात जानेवारी १९९९ मध्ये कुष्ठरुग्णांची सेवा करणारे ग्रॅहॅम स्टेन्स आणि त्यांची फिलिप व टिमोथी ही दोन मुले जाळून मारली गेली. पत्नी ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे जाहीर केले आणि मुलीसह काही वर्षे तेथेच राहून सेवा चालू ठेवली. २००५ साली त्यांना ‘पद्मश्री’ देण्यात आली. त्यांची क्षमा न्यायालयाच्या आड आली नाही. खटला चालला, शिक्षा झाली आणि ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. स्वतःच्या मनातील द्वेष सोडणे हे दुखावलेल्याचे काम आणि अपराधाचा निवाडा करणे हे कायद्याचे काम, हा भेद त्यांनी स्वच्छ ठेवला.

बुडीत येण्याच्या बाबतीत व्यापाऱ्यालाही हा भेद उपयोगी पडतो. फसवणूक झाली असता दाद मागण्यास क्षमाधर्म आड येत नाही. दावा चालू असताना समोरच्याच्या मुलांचे अकल्याण चिंतणे, त्याच्या घरच्या लग्नकार्यात विघ्न यावे अशी इच्छा धरणे, हे मात्र निखळ कषायच होत.

साम्य आणि भेद

दोन्ही परंपरांची तुलना करताना भेद झाकण्याचे कारण नाही. जैन दर्शनात पाप माफ करणारा ईश्वर नाही. बांधलेले कर्म भोगून किंवा तपाने निर्जरा करूनच सुटते. क्षमा ही आत्म्याचा स्वभाव, दशधर्मांतील पहिला धर्म, आणि क्रोधकषायावरचा उपाय आहे. ती एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंत सर्व जीवांकडे मागितली जाते. ख्रिस्ती श्रद्धेत पापक्षमा ही देवाची कृपा आहे. माणूस ती कमावत नाही, स्वीकारतो. एका वाटेवर पुरुषार्थ पुढे आहे, दुसऱ्या वाटेवर कृपा.

आचारात मात्र दोन्ही वाटा वारंवार जवळ येतात. वेदीपाशी अर्पण आणले असता, एखाद्या भावाचे मन आपल्याविषयी दुखावलेले आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी समेट करावा, अशी येशूची शिकवण आहे. जैन छेदसूत्रांत असाच दंडक आहे : कलह झाला असता तो शमवल्याशिवाय साधूने गोचरीस जाऊ नये. सूर्य मावळेपर्यंत राग ठेवू नये, असे बायबल सांगते. श्रावकासाठी दैवसिक, पाक्षिक, चातुर्मासिक आणि सांवत्सरिक प्रतिक्रमणाची पायरी आहे. वर्ष उलटूनही जो क्रोध टिकतो तो अनंतानुबंधी, म्हणजे सम्यक्त्वालाच मारक, हे व्याख्यानांतून सर्वांनी ऐकलेले आहे. कॅथलिक परंपरेत धर्मगुरूपुढे पापनिवेदन करतात, जैन परंपरेत गुरूपुढे आलोचना करून प्रायश्चित्त घेतात. प्रोटेस्टंट मंडळ्यांत प्रभुभोजनापूर्वी प्रत्येकाने आत्मपरीक्षण करावयाचे असते. गुड फ्रायडेच्या उपासनेत वधस्तंभावरील येशूच्या सात उद्गारांवर चिंतन होते आणि त्यांतील पहिला उद्गार मारेकऱ्यांसाठी क्षमेची याचना करणारा आहे. दंश करणाऱ्या चंडकौशिकाकडे करुणेने पाहणारे भगवान महावीर येथे कोणाही जैनाच्या डोळ्यांसमोर उभे राहतील.

भरपाईचा मुद्दाही दोन्हीकडे आहे. जक्कय नावाचा श्रीमंत जकातदार येशूला भेटल्यावर अर्धी संपत्ती गरिबांना देण्यास आणि अन्यायाने घेतलेले चौपट परत करण्यास तयार झाला. जैन कथेत राजा उदायनाने पराभूत चंडप्रद्योताला कैदेत ठेवले होते. संवत्सरीला उदायन त्याच्याकडे क्षमा मागण्यास गेला, तेव्हा बंदिवानाची कसली क्षमापना, असा प्रद्योताचा सवाल होता. उदायनाने बेड्या काढल्या, राज्य परत दिले आणि कपाळावर डागलेली अपमानाची अक्षरे झाकण्यासाठी सुवर्णपट्ट बांधला. बेडी तशीच ठेवून मागितलेली क्षमा त्याला स्वतःलाच पुरेशी वाटली नाही.

जवळच्या माणसाची क्षमापना

आज संवत्सरीचे संदेश क्षणात शेकडो लोकांना जातात. ज्यांच्याशी कधी भांडण झालेच नाही, त्यांच्याकडे क्षमा मागणे सोपे असते. परंतु वाटणीत दुकानाचा गाळा कोणाला गेला, आईचे दागिने कोणी ठेवले, भागीदारीच्या हिशेबात कोणी किती ओढले, यावरून अबोला धरलेले सख्खे भाऊ एकाच स्थानकात पाठीला पाठ लावून प्रतिक्रमण करतात, असे चित्र अनेक गावांत दिसते. मुलांना चुलत भावंडांची नावे ठाऊक असतात, पण घर ठाऊक नसते. वाद अनेकदा खरा असतो, शंभर दिनारांइतका खरा. तरीही वारसाहक्काने मुलांना जिंदगीबरोबर वैरही द्यावयाचे का, याचा निर्णय मोठ्यांच्या हाती असतो.

अशा वेळी केडगावच्या कथेतून काही गोष्टी सहज घेता येतात. पहिले पाऊल दुखावलेल्यानेही टाकावे. समोरच्याने आधी यावे ही अट म्हणजे मान कषाय. भेट प्रत्यक्ष घ्यावी, संदेशावर भागवू नये. चूक नावानिशी कबूल करावी, ‘कळत-नकळत’ या शब्दांआड कळून केलेली चूक लपवू नये. घेतलेले परत करणे शक्य असेल तर परत करावे. हिशेब राहिला असेल तर तिऱ्हाइत वडीलधाऱ्यांना बसवून मिटवावा, पण घरी येणे-जाणे त्यासाठी अडवून ठेवू नये. आणि क्षमा केली की त्या माणसाला पुन्हा पत द्यावी. नव्या पिढीसमोर त्याचा जुना दोष उगाळू नये.

पेढीच्या वहीत बुडीत खात्यावर रेघ मारली की ते पान उलटले जाते. रक्कम आलेली नसते, पण रोज त्या पानाशी थांबणेही संपते. संवत्सरीला अजून काही दिवस अवकाश असेल, तर घरोघरच्या मोठ्यांनी असे एखादे पान शोधून काढावे आणि संदेश पाठवण्याच्या यादीत त्या घराचे नाव सर्वांत वर लिहून, तेथे मात्र स्वतः जावे.